राग तिचा, सही तुमची

प्रश्न थोडक्यात असा आहे. सनद घेऊन चार वर्षं झालेल्या, जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतंत्र काम करणाऱ्या एका वकील भगिनीने विचारलंय: "घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणातली माझी पक्षकार मला ताई म्हणते, रात्री अकराला फोन करून रडते. मुलाच्या शाळेची फी भरायला एकदा मी पैसेही दिले. आता तिचा हट्ट आहे, सासऱ्यांनी अंगाला हात लावला असं अर्जात घाला. तसं काही घडलेलं नाही हे तिनेच सांगितलं. शेजारणीच्या केसमध्ये असं लिहिल्यावर सासरचे लगेच तडजोडीला आले म्हणे. मी नाही म्हटलं तर 'तुम्हीही त्यांच्यातल्याच' असं म्हणाली. दुसरीकडे तिच्या नवऱ्याचा मला इतका संताप येतो की उलटतपासात माझा आवाज चढला आणि न्यायाधीश साहेबांनी समज दिली. वकीलपत्र सोडू का? आणि मला ताई म्हणू नको असं तिला सांगू का?"

वकीलपत्र आत्ता सोडू नका, आणि तो परिच्छेद लिहूही नका. मी कोल्हापुरात सत्तावीस वर्षं वकिली करते आहे, त्यातली निम्म्याहून अधिक कामं नवरा-बायकोची. तुमच्या पत्रातली खोट्या परिच्छेदाची गोष्ट सगळ्यात गंभीर वाटते, पण मला जास्त काळजी उलटतपासाची वाटली. परिच्छेदाला तुम्ही नाही म्हणालात, म्हणजे तिथे तुम्ही शुद्धीवर होतात. आवाज चढला तेव्हा नव्हतात. तिचा राग तुम्ही उसना घेतला होता, आणि ते तुम्हाला साहेबांनी टोकेपर्यंत कळलं नाही.

हे मी अधिकाराने सांगते, कारण उसना राग मला महागात पडलाय. मला म्हणजे माझ्या पक्षकाराला.

२००९ सालची गोष्ट. सहा वर्षांचा संसार, पाच वर्षांचा मुलगा, नवरा एका कारखान्यात नोकरीला. बाई माहेरी येऊन राहिली होती. तिने जे जे सांगितलं होतं ते ऐकून मला रात्री झोप लागत नसे. एका तारखेला दुसऱ्या बाजूचे वकील जिन्यात भेटले आणि म्हणाले, "मॅडम, पार्टी चार लाख एकरकमी द्यायला तयार आहे, स्त्रीधन परत. म्युच्युअल, संमतीने घटस्फोट, करून टाकू." मी तिथल्या तिथे म्हणाले, "चार लाखांत सहा वर्षं विकत घेताय का? सांगा तुमच्या पार्टीला, जमणार नाही." मला फार बरं वाटलं त्या क्षणी. तिच्या वतीने कुणीतरी ठणकावून बोललं असं वाटलं. ती खाली बाकावर बसली होती, हातात डब्याची पिशवी होती. मी तिला सांगितलंच नाही. 'फालतू ऑफर होती' एवढंही नाही.

वर्षभरात नवऱ्याने कागदोपत्री नोकरी सोडली. पोटगीचा आदेश झाला तो तुटपुंजा, आणि वसुलीसाठी परत दरखास्तीच्या तारखा. मध्यस्थी करणाऱ्या एका नातेवाइकाकडून तिला चार लाखांचं कळलं. ती ऑफिसात आली, भांडली नाही. म्हणाली, "मॅडम, मला विचारायचं तरी. त्या जूनमध्ये पोराला बोर्डिंगला घालायचं होतं मला." तिची फाईल टेबलावरच होती. पहिल्या भेटीच्या टिपणात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'मुलाचं शिक्षण सर्वांत महत्त्वाचं.' ते मी लिहून ठेवलं होतं आणि विसरले होते. माझ्या डोक्यात तोवर नवऱ्याला धडा शिकवणं एवढंच उरलं होतं.

कायद्याच्या भाषेत मी काय केलं ते सांगते. समोरून आलेला प्रस्ताव पक्षकारापर्यंत न पोचवता परस्पर नाकारला. तडजोड करायची की नाही हा निर्णय पक्षकाराचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हिमालयन को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायटी विरुद्ध बलवान सिंग या प्रकरणात वकिलाने पक्षकाराच्या सूचनेवर चालावं, त्याच्या जागी स्वतःचा निर्णय बसवू नये, हे स्पष्ट केलं. ते प्रकरण गृहनिर्माण संस्थेचं होतं आणि तिथे मुद्दा वकिलाने परस्पर कबुली देण्याचा होता. माझ्या मते परस्पर नकार देणं त्याच माळेतलं आहे. तेव्हापासून माझ्याकडे एकच पद्धत आहे: ऑफर कितीही अपमानास्पद असली तरी त्याच दिवशी पक्षकाराला सांगायची, माझं मत वेगळं सांगायचं, आणि तिचं उत्तर फाईलमध्ये तारीख घालून लिहायचं. तिला वाचून दाखवून सही घ्यायची.

आता तो परिच्छेद. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे व्यावसायिक वर्तणुकीचे नियम आपण परीक्षेपुरते वाचतो आणि नंतर उघडत नाही. न्यायालयाप्रती कर्तव्यांमधला चौथा नियम तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. पक्षकाराला गैरमार्गापासून परावृत्त करण्याचा वकिलाने पुरेपूर प्रयत्न करावा, तो ऐकतच नसेल तर त्याचं काम करायला नकार द्यावा, आणि वकिलाने स्वतःला पक्षकाराचं नुसतं तोंड समजू नये. यातला क्रम पाहा. आधी परावृत्त करणं, मग नकार. तुम्ही थेट नकारावर आला आहात. मधली पायरी राहिलीय.

तिला ऑफिसात बोलवा, फोनवर हे करू नका. पाप-पुण्याच्या भाषेत बोलू नका, ती आधीच स्वतःला अपराधी समजत असते. तिच्या फायद्याचं बोला. "ताई, तुझ्या अर्जात अकरा गोष्टी खऱ्या आहेत. औषधाला पैसे दिले नाहीत, दागिने काढून घेतले, बाळंतपणात माहेरी सोडून आणायला आले नाहीत. याला तुझी बहीण साक्षीदार आहे, दवाखान्याचे कागद आहेत. बारावी खोटी घातली की समोरचा वकील उलटतपासात फक्त त्या बारावीवर येणार. कुठल्या दिवशी, घरात कोण होतं, कुणाला सांगितलं, आजवर का लिहिलं नाही. तू अडखळलीस की अकराही गेल्या." हे मी पंचवीस-तीस जणींना तरी सांगितलं असेल. बहुतेकींना पटतं, कारण खोटं बोलायची त्यांना हौस नसते, आपलं खरं कुणाला पुरेसं वाटत नाही याची धास्ती असते. शपथेवर खोटं सांगण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हेही सांगा. मात्र शेवटी सांगा. आधी सांगितलं तर ती धमकी वाटते.

एक मात्र मनात पक्कं ठेवा. तुमच्या पक्षकाराने स्वतःच घडलं नाही असं सांगितलं म्हणून हे प्रकरण सरळ आहे. पण असा आरोप उशिरा आला म्हणजे खोटाच, असा कान कधी बनवू नका. सासऱ्याचं, दिराचं वागणं बाया पहिल्या भेटीत सांगत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, भाऊ बाहेर गेलेला असताना, पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगतात. अशा वेळी 'आधी का नाही सांगितलंत' हा प्रश्न विचारणारी पहिली व्यक्ती आपण होऊ नये. तो प्रश्न कोर्टात येणारच आहे. खरं-खोटं ओळखायला मी तपशील ऐकते. खऱ्या सांगण्यात निरुपयोगी तपशील फार असतात, कुकरची शिट्टी झाली होती, लाइट गेले होते. तरी माझीही फसगत झालेली आहे, दोन्ही बाजूंनी.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली प्रीती गुप्ता विरुद्ध झारखंड राज्य या निकालात ४९८अ च्या, म्हणजे नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाच्या, तक्रारींबद्दल बोलताना वकिलांच्या जबाबदारीचा वेगळा उल्लेख केला होता. लहान प्रसंगांचं फुगवलेलं वर्णन फौजदारी तक्रारीत उतरणार नाही हे वकिलांनी पाहावं, असा त्याचा आशय. आता ते कलम भारतीय न्याय संहितेत ८५ म्हणून आलंय. काही सहकारी हा निकाल बायकांच्या विरोधातला म्हणून बाजूला ठेवतात. मला तसं वाटत नाही. फुगवलेल्या प्रत्येक तक्रारीची किंमत पुढे खरी तक्रार घेऊन येणारी बाई मोजते, हे मी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून पाहिलंय.

ती ऐकली नाही तर? तर मात्र सोडा, पण रीतीने. आपल्याकडे 'नो इन्स्ट्रक्शन' पुरसिस, म्हणजे पक्षकाराच्या सूचना नाहीत असं कोर्टाला लिहून देणारा कागद, टाकून मोकळं होण्याची सवय पडलीय. बार कौन्सिलचा बारावा नियम सांगतो की पुरेसं कारण आणि पक्षकाराला पुरेशी नोटीस असल्याशिवाय घेतलेलं काम सोडू नये, आणि न केलेल्या कामाची फी परत करावी. दिवाणी नियमपुस्तिकेप्रमाणे तारखेच्या किमान सात दिवस आधी लेखी नोटीस आणि कोर्टाची परवानगी लागते. पुरसिसमध्ये कारण लिहिताना जपा. 'पक्षकार खोटे आरोप करण्यास सांगत आहे' असं लिहिलंत तर तुम्ही तिची गुपितं कोर्टाच्या रोजनाम्यावर मांडलीत. 'व्यावसायिक कारणास्तव' एवढं पुरे. पक्षकाराने वकिलाला कामाच्या ओघात सांगितलेलं गुप्त राहतं, पूर्वी पुरावा कायद्याच्या १२६ कलमाने, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२ ने, आणि वकीलपत्र संपल्यावरही. बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी केलेलं बोलणं त्या संरक्षणात बसत नाही हे खरं, पण त्याचा अर्थ आपण आपणहून ते बाररूममध्ये सांगत सुटावं असा नाही.

आणि फाईल परत द्या. फी बाकी असली तरी. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या निकालात वकिलाने सुमारे सत्त्याण्णव हजारांच्या फीसाठी एका सहकारी बँकेच्या फायली अडकवून ठेवल्या होत्या. न्यायालयाने सांगितलं, फीसाठी कागद अडवून धरण्याचा वकिलाला हक्क नाही. फी वसूल करायचे दुसरे मार्ग आहेत.

पैशांचं विचारलंत. बत्तिसावा नियम म्हणतो, ज्या कामात वकील नेमला आहे त्या कामासाठी पक्षकाराला पैसे उसने देऊ नयेत. शाळेची फी काटेकोर बोलायचं तर यात येत नाही. तुम्ही चुकलात असं मी म्हणणार नाही, त्या पोराचं वर्ष वाचलं असेल. पण त्या दिवसापासून तुमचं तिच्याशी देणं-घेणं सुरू झालं. 'तुम्हीही त्यांच्यातल्याच' हे वाक्य इतकं लागलं त्यामागे तेही आहे, 'एवढं करून?' असं तुमच्या मनात आलं असणार. यापुढे अशी वेळ आली तर अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज तातडीने चालवून घ्या, आणि तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत कायदेशीर मदत मिळायला उत्पन्नाची अट नाही. सनदी वकिलांनाही हे आठवण करून द्यावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

अंतरिम पोटगीवरून आठवलं. तुमची पक्षकार काही कमावत असेल तर ते आत्ताच विचारून घ्या. रजनेश विरुद्ध नेहा हा नोव्हेंबर २०२० चा निकाल, वाद मूळचा नागपूरचा. तेव्हापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. शिकवण्या घेऊन रोख नऊ हजार मिळवणारी एक पक्षकार मला म्हणाली, "मॅडम, शून्य लिहा, रोख आहे, कोण बघतंय." मी लिहिणार नाही म्हणाले तेव्हा तीही रुसली होती. आम्ही नऊ हजार लिहिले. समोरून नवऱ्याने स्वतःचं दुकान दडवलं होतं, ते फोटोसकट उघडं पडलं, आणि साहेबांनी आदेशात लिहिलं की अर्जदाराने आपलं उत्पन्न प्रामाणिकपणे सांगितलं आहे. पुढे ती दर दिवाळीला फराळ घेऊन येते. (फराळ मी घेते.)

पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण एक विचारते. ती एकटी येते का? आपल्याकडे बाई सहसा एकटी येत नाही. वडील किंवा भाऊ बरोबर असतो, फी तोच देतो, बोलतोही तोच. एकोणिसावा नियम सांगतो की पक्षकार किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सोडून दुसऱ्या कुणाच्या सूचनेवर वकिलाने काम करू नये. फी कुणी दिली याला महत्त्व नाही. माझ्याकडे एक भाऊ बहिणीला घेऊन आला होता, घटस्फोट आणि दहा लाख हवेत, खालचं काही नाही. ती गप्प. मी म्हटलं, "दादा, खाली चहा चांगला मिळतो, घेऊन या." तो गेल्यावर दोन मिनिटं ती काही बोलली नाही, मग म्हणाली, "मॅडम, मला नांदायला जायचंय. पण सासू वेगळी राहिली तर." भावाचा राग खरा होता, बहिणीवर जीवही होता. पण त्याच्या रागाचं वकीलपत्र माझ्याकडे नव्हतं. आम्ही घटस्फोटाचा अर्ज केलाच नाही. समुपदेशकांसमोर चार बैठका झाल्या, भाड्याची खोली झाली, ती गेली. तुमच्या पक्षकाराला खरंच काय हवंय, हे शेवटचं कधी विचारलंत? त्या शेजारणीच्या केससारखी तडजोड हवी असेल, तर ती तडजोडीला तयार आहे, म्हणजे ऑफर तुम्हीही देऊ शकता. मला वाटतं तुमच्या सगळ्या गुंत्याची किल्ली इथे आहे.

कौटुंबिक न्यायालयात आपण उभे राहतो ते परवानगीने. १९८४ च्या कायद्याचं कलम १३ म्हणतं, पक्षकाराला वकील देण्याचा हक्क म्हणून दावा करता येणार नाही. कायदा करणाऱ्यांना वाटलं असणार की वकील आला की आग भडकते. मला त्या कलमाचा पूर्वी अपमान वाटायचा. आता परवानगीचा अर्ज देताना दर वेळी ते आठवतं आणि आठवलेलं बरं असतं.

रात्रीचे फोन. माझा नियम आठनंतर फोन नाही, दोन गोष्टी सोडून: मारहाण झाली किंवा मूल पळवलं. हे पहिल्याच दिवशी सांगायचं, मध्येच सांगितलं की तोंड फिरवल्यासारखं होतं. तुम्ही आधी सांगितलेलं नाही, म्हणून आता कारण देऊन सांगा: "रात्री तुझं ऐकलं की मला सकाळी तुझ्याच फाईलवर नीट काम होत नाही." हे खरंही आहे. मारहाणीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर, हे एका कागदावर लिहून तिच्या पर्समध्ये जाऊ द्या. 'जीव देईन' असं ती म्हणाली असेल तर ते नाटक समजू नका. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला तिच्यादेखत फोन लावा आणि १४४१६, टेलि-मानसचा नंबर, तिच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. रडणं ऐकून घ्यायला आपल्याकडे माणुसकी असते, पण त्यातलं शिक्षण नसतं.

'तुम्हीही त्यांच्यातल्याच' याबद्दल. कधी तरी तिने तुम्हाला समोरच्या वकिलांबरोबर चहा पिताना, हसताना पाहिलंय का? नक्की पाहिलं असेल. आपल्याला बाररूम म्हणजे रोजची बसण्याची जागा. तिला दिसतं ते असं, की ज्या माणसाने काल मला खोटारडी म्हटलं त्याच्या टेबलावर माझी वकील भजी खातेय. मी नव्या पक्षकाराला सुरुवातीलाच सांगते, "ते वकील माझ्या ओळखीचे आहेत, आम्ही एकत्र चहा पितो, तुमच्या केसबद्दल तुम्हाला न सांगता एक शब्द बोलणार नाही." आणि समोरच्या वकिलांशी नातं किंवा व्यवहार असेल तर तेही सांगते.

पुढच्या उलटतपासाआधी एक करून बघा. प्रश्न लिहून काढा आणि प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, याचं उत्तर मिळालं तर आदेशात काय बदलेल. 'तुम्हाला लाज नाही वाटली का?' या प्रश्नापुढे काही लिहिता येत नाही. तो खोडा. माझ्या एका ज्युनिअरच्या बावीस प्रश्नांतले नऊ असे गेले, आणि उरलेल्या तेरांत नवऱ्याने पगार मान्य केला.

तिने ताई म्हणायचं थांबवावं का? नको, म्हणू दे. माझ्याकडे येणाऱ्या बाया मला मॅडम म्हणतात, ताई म्हणतात, गडहिंग्लज-चंदगडकडच्या आक्का म्हणतात, आता वय झाल्यावर दोघी-तिघी आईही म्हणतात. मी रोजच्या बोलण्यात त्यांना अगं म्हणते. पण वकीलपत्रावर सही घेताना, अर्ज वाचून दाखवताना, ऑफर सांगताना मी मुद्दाम अहो-जाहोवर येते, समोरची एकवीस वर्षांची असली तरी. "तुम्ही हे वाचलंत का? तुम्हाला मान्य आहे का?" त्या जरा सरळ होऊन बसतात, आणि वाचतात.